उघडी चोच

पडद्यावर चित्र आलं आणि सभागृह हसलं. इवलासा गाणारा पक्षी स्वतःच्या तिप्पट मोठ्या पिल्लाच्या खांद्यावर उभा राहून त्याला अळी भरवत होता. पिल्लू त्याचं नव्हतंच. कोकिळेच्या जातीतली कुणी मादी अंडं टाकून पसार झाली होती.

"हे पाहुणं अंड्यातून बाहेर येतं, डोळेही उघडलेले नसतात, आणि घरच्या पिल्लांना पाठीनं ढकलून खाली पाडतं," प्राध्यापक म्हणाले. "घरट्यात घरचं एकही पिल्लू उरत नाही. आणि आई? ती खुन्यालाच भरवत बसते. बुद्धीच तेवढी, काय करणार!"

पुन्हा हशा. हा विनोद कधी वाया जात नसे.

पहिल्या रांगेत त्यांची मावशी बसली होती. बहिणीनं आठ दिवसांसाठी म्हणून ठेवलेलं पोर तिनं वाढवलं. बहीण काही परत आली नाही. दोघांना शिकवणं झेपेना, तेव्हा तिनं स्वतःच्या मुलाला शाळेतून काढलं. भाचा हुशार होता. तो प्राध्यापक झाला. मुलाची गोदामात पोती उचलून कंबर गेली.

सकाळीच तिनं मुलासाठी भाच्याला विचारलं होतं, "दादाला तुझ्या संस्थेत फाटकावर तरी बसव रे."

"बघतो. नियमात बसायला हवं."

आभार मानणाऱ्या बाईंनी उत्साहाच्या भरात माईक तिच्याच हातात दिला. "सरांना यांनीच लहानाचं मोठं केलं! मावशी, दोन शब्द बोला ना."

मावशीनं माईक उलटा धरला. मग सुलटा.

"तिला हसू नका," ती म्हणाली. "तिला कळत नाही असं नसेल. पण आपली पोरं खाली पडल्यावर घरट्यात एकच चोच उरते. ती उघडी असते. मग काय करायचं?"

टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनातच. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काय बोललीस गं मावशी!" जिना उतरताना ते म्हणाले.

"आणि दादाचं?"

"बघतो म्हटलं ना."

महिनाभरात फाटकावर माणूस आला. नियमात संचालकांचा मेहुणा बसला.

व्याख्यान मात्र सुधारलं. तो विनोद प्राध्यापकांनी काढून टाकला आणि त्या जागी मावशीची उघडी चोच घातली. आता तिथवर आले की ते चष्मा काढतात, जरा थांबतात, आणि दाटल्या आवाजात सुरुवात करतात, "इतकी वर्षं घरट्यांपाशी बसून मला एक गोष्ट उमगली..."