दुपारचे पाहुणे

"तुमी नवे दिसता. बसा," खुशालराव म्हणाले.

पांढऱ्या फेट्याच्या माणसाने हात जोडले आणि तो खुर्चीवर बसला. बाकीचे तिघे नेहमीसारखे भिंतीला टेकून उभे होते.

कंपवाताने खुशालरावांचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. हाताचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. पण फोडणीचा वास येईनासा झाला, पोट आठवडा आठवडा रुसून बसलं, आणि सदतीस सालच्या उन्हाळ्यापासून दुपारी अशी माणसं दिसू लागली. ती कधी बोलत नसत. डॉक्टर म्हणाले होते, भिऊ नका, खरी नाहीत एवढं ध्यानात ठेवा. तेव्हापासून खुशालराव त्यांच्याशी मजेत गप्पा मारत.

त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना मात्र घोर लागला होता. आजार कळल्यावर लेकीची, जमुनेची एक सोयरीक मोडली होती. आता तेल्हाऱ्याचे जानराव रविवारी अमरावतीला तिला आपल्या मुलासाठी पाहायला येणार होते. "त्याईच्यासमोर या भुतावळीशी बोलसान तर माही शपथ हाय," असं बजावून त्या बाजारात गेल्या होत्या.

"तुमी कोनाले सांगनार नाई म्हून सांगतो," खुशालराव फेटेवाल्याकडे झुकले. "जानरावापासून माहा आजार झाकाचा हाय. मले नाई जमत बुवा. अन् पोरीचं काय सांगू! वैद्य डॉक्टरचं तोंड पाहत नव्हता. हिनं एक वही केली. झोप, पोट, वास, तुमी कितीजन आले, सारं लिहते. दोघाईले तेच वाचाले लावते. वैद्याचा काढा अन् डॉक्टरचे थेंब एकमेकाले जमत नाई, हे हिनंच धरलं. परवा दोघं एका बाकावर बसले न, जसे साडूच!"

फेटेवाल्याच्या मिशा हलल्या.

"हासा, हासा. पन तोंडाची फटकळ हाय. मलेच इचारते, बाबा, तुमच्या पाहुन्याईले चहा टाकू का?" खुशालराव आणखी जवळ सरकले. "ते गेली का वही कोन लिहन? म्हून वाटते, जानरावानं नाईच म्हनावं. अन् नाई म्हनलं तर ढसाढसा रडीन तेबी मीच."

दारात पिशवी पडली. कांदे ओटीभर घरंगळले. पार्वताबाईंनी घाईघाईने डोक्यावर पदर ओढला.

फेटेवाला उठला.

"रविवार कायले पाह्यजे, इवाई? सुपारी आजच फोडू."