केतकीचा ताप

समोरच्या खाटेवरच्या बाईंना ताप चढला, तसे त्यांच्या मुलानं वॉर्डभर पेढे वाटले. "एकशे दोन, आबा! वाचली माझी आई!" आबा मगदुमांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

हा नवा विषाणू फुप्फुसात शिरला की आधी शरीराची धोक्याची घंटाच बंद पाडायचा. मग ना ताप, ना खोकला. माणूस गारच राहायचा आणि तसाच जायचा. ताप आला, तर शरीर जागं झालं म्हणायचं.

आबांची लेक केतकी अजून गार होती.

ते औषधं घेऊन आले, तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "आबा, हात लावून बघा की. चढलाय वाटतं."

कपाळ खरंच गरम होतं. मान मात्र गार. पायांना शेक द्यायला आणलेल्या रबरी पिशवीचं टोक उशीखालून डोकावत होतं.

"आता तरी जेवाल न्हवं?" तिनं विचारलं.

"जेवतो की. चांगलाच चढलाय गं पोरी," आबा म्हणाले आणि ती ऊब पार निवेपर्यंत त्यांनी कपाळावरचा हात उचलला नाही.