दाराची खोड

रस्ता रुंद करायला सुताराचं दुकान घेणार होते. वकीलबाईंनी त्याला बजावलं होतं, "दुपारपर्यंत कोर्टाची स्थगिती मिळेल. तोवर ताबा द्यायचा नाही, कशावरही सही करायची नाही." सुतार इतका धास्तावला, की कानावरची पेन्सिलसुद्धा घरी ठेवून आला.

सकाळीच भूसंपादनाचे साहेब शिपाई, कारकून आणि दोन पंच घेऊन हजर झाले. शिपायाने कुलूप तोडलं, तेव्हा सुतार हाताची घडी घालून गप्प उभा राहिला. पण दार हलेना. शिपायाने खांदा लावला, मग लाथ घातली. चौकट करकरली आणि सुताराला राहवेना.

"अहो, असं नाही. जरा वर उचलून ढकलायचं." त्याने पुढे होऊन दार अलगद उघडलं आणि सवयीने म्हणाला, "या, बसा."

साहेब आत जाऊन स्टुलावर टेकले. "लिहा," ते कारकुनाला म्हणाले, "मालकाने स्वतः दार उघडून राजीखुशीने ताबा दिला."

सुतार गोंधळला. "पण साहेब, मी सही कुठे केलीय?"

"तुमची कशाला हवी? पंचांनी पाहिलंय ना."

सुताराचा हात उगाचच कानाकडे गेला. पेन्सिल तर घरीच होती.