सासऱ्याचं नाव

“नाव सांग बाई, नाव! ‘हरवलेले म्हातारबाबा, इकडं या’ असं ओरडलो तर निम्मा बाजार गोळा होईल इथं.”

उंदराचं औषध विकणारा सेखोबे भोंगा हातात धरून हसत होता. समोर उभ्या माखोत्सोच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ती कोबीचा भाव करायला वळली आणि तेवढ्यात खोक्यावर बसवलेला सासरा उठून कुठं तरी चालता झाला. त्यात डोंगरपायथ्याच्या बुथा-बुथे शहराचा बाजार, आणि महिनाअखेरचा शनिवार.

“तपकिरी घोंगडं पांघरलंय,” ती म्हणाली. “डोक्यावर गवताची टोपी आहे.”

“अगं, इथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं तेच आहे.”

“सून आहे ती,” शेजारी गुलगुले तळणारी बाई कढईवरची मान वर करून म्हणाली. “सासऱ्याचं नाव कसं घेईल? तुझी बायको घेते का तुझ्या बापाचं?”

“घेते की. शिव्या देताना.”

आजूबाजूचे हसले. माखोत्सो हसली नाही.

सासऱ्याचं नाव पित्सो. मी काही त्याची सून नाही, तेव्हा मला घ्यायला हरकत नाही. आमच्या भाषेत पित्सो म्हणजे गावसभा. सभेच्या दिवशी जन्मला म्हणून तेच नाव ठेवलं. माखोत्सो लग्न होऊन आली तेव्हापासून सभेलासुद्धा सभा म्हणत नाही. “तिकडं माणसं जमलीत,” एवढंच म्हणते. गावात याची थट्टा होते आणि कौतुकही. नवऱ्याला फोन लावून नाव सांगायला लावावं, तर तो सीमेपलीकडच्या खाणीत, जमिनीच्या पोटात.

“बरं, लिहून दे मग,” सेखोबे नरमला. त्यानं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला. तिनं लिहिलं आणि पुठ्ठा पालथा करून त्याच्या हातात ठेवला.

“पित्सोबाबा!” भोंगा गरजला. “पित्सोबाबा, तुमची सून औषधाच्या गाडीपाशी थांबलीय!”

कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारा केला. एक भलताच म्हातारा फुकट औषध मिळतंय का म्हणून चौकशी करून गेला.

म्हातारा सकाळपासूनच निराळ्या बाजारात फिरत होता. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं होतं, “इथं घोडी बांधायचे ना? लोकर तोलायचा काटा कुठं गेला?” घोडी बांधायच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. काट्याच्या जागी चिन्याचं दुकान झालंय. माखोत्सो नुसतं हं हं करत राहिली, तिनं ते काही पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलंय. लोकरीच्या दिवसांत डोंगरावरून गाढवांच्या रांगा उतरायच्या, दोन्ही बाजूंना फुगलेली पोती. अख्ख्या रस्त्याला मेंढरांचा वास यायचा, आणि माणसं एकमेकांच्या घोड्यांना नावानं ओळखायची. आज आठवलं की जीव कासावीस होतो. म्हाताऱ्याला तर ते आठवावं लागतच नव्हतं, त्याला ते दिसत होतं.

“मोखोत्लोंग! मोखोत्लोंग! सुटली, सुटली!”

वर डोंगरात, मोखोत्लोंगला जाणारी दिवसातली शेवटची बस. माखोत्सोनं सहज तिकडं पाहिलं. बसच्या पायरीवर गवताची टोपी होती, आणि टोपीखाली तिचा सासरा. वर कंडक्टर हात पुढं करून उभा. ती बस घाट चढून कुठल्या कुठं जाते, आणि तिथं रात्री बादलीतलं पाणी गोठतं. म्हाताऱ्याला तर आपलं गाव कुठलं हेही धड सांगता आलं नसतं.

कोबी टाकून ती धावली.

“मामंजी! अहो मामंजी!”

त्यानं मान वळवली नाही.

“मामंजी, थांबा!”

कंडक्टरनं त्याचा दंड धरला. बसला हिसका बसला.

“पित्सो!”

एवढा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. मागंपुढं काही न लावलेलं, उघडं नाव, अंगणातून पोराला हाक मारावी तसं. गुलगुलेवालीचा हात तोंडावर गेला. सेखोबेसुद्धा भोंगा खाली करून बघत राहिला.

म्हाताऱ्यानं त्याच क्षणी पाय खाली टाकला.

“ओ आजोबा, यायचंय का नाही?” कंडक्टर ओरडला. म्हाताऱ्यानं ऐकलंसुद्धा नाही. टोपी हातानं दाबून धरत, गर्दीतून वाट काढत तो अर्धवट धावतच आला. तिच्यासमोर येऊन थांबला. टोपी काढली आणि खाली मान घालून उभा राहिला.

“आलो, आई,” तो म्हणाला. “लांब नव्हतो गेलो.”

माखोत्सोनं आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. सासऱ्याच्या अंगाला सुनेचं बोटसुद्धा लागू नये, हेही तिला शिकवलेलं होतं. तिनं त्याच्या खांद्यावरून घसरलेलं घोंगडं वर ओढलं, गळ्याशी नीट टाचलं, आणि त्याचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.

“माहितीये रे,” ती म्हणाली. “चल, घरी जाऊ. हात सोडू नकोस.”