लोटलेलं दार

कोर्टाने त्याच्या शिक्षेची नोंद पुसली तेव्हा वकीलबाईंनी बजावलं होतं, "कुणी विचारलं तर बेधडक नाही म्हणा. कायद्याने ते खोटं ठरत नाही." नोकरीच्या मुलाखतीत छापखान्याच्या मॅनेजरने विचारलंच, "पोलिसांची काही भानगड?" "नाही, साहेब." "मग उद्यापासून या. बायकोला सांगा, नोकरी लागली, आता डोकं खाणं बंद!" साहेब हसत उठले. "चला, मशीन दाखवतो." दोघे केबिनच्या लोटलेल्या दारापाशी आले आणि तो सवयीने थांबला. हात मागे, नजर जमिनीवर. तुरुंगात दार पहारेकरी उघडायचा. कैद्याने हात लावायचा नसे. दुसऱ्याच क्षणी त्याला चूक उमगली. गेली नोकरी! त्याने चोरून शेजारी पाहिलं. साहेबही थांबले होते. हात मागे, नजर जमिनीवर. दाराला कुलूप नव्हतं, साधी कडीही नव्हती. साहेब खालमानेने पुटपुटले, "आज जरा जास्तच वेळ लावतोय पहारेकरी."