लिंबातली रेघ

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी लाकूड कापणारा याकोब गाड्यावरचं करवतीचं इंजिन घेऊन नेवाशाला रंगनाथच्या मळ्यात आला. लेकीच्या लग्नातल्या पलंगासाठी रंगनाथनं जुना लिंब पाडला होता.

याकोबनं नेहमीसारखं ओंडक्यावर गेरूत भिजवलेलं सूत ताणून मारलं, कापायची रेघ उमटली, आणि तिच्या टोकाला त्यानं अंगठा उमटवला. सकाळी पात्याला धार लावताना अंगठ्याला पडलेली चीरही उमटली.

पहिली फळी निघाली. आत, कोऱ्या लाकडावरही तीच रेघ होती. टोकाला चीर पडलेला अंगठा.

“लिंबानंच सूत मारून ठिवलंय. तुमचं काम हलकं झालं,” रंगनाथ म्हणाला. दोघंही पोट धरून हसले.

दुसऱ्या फळीतही तेच निघालं.

तिसऱ्या फळीवर रेघ होती, अंगठा नव्हता. याकोब ओंडक्यावर हात टेकून फळीकडं बघत थांबला.

“थांबता कशाला? आता एकच राह्यलीय,” म्हणत रंगनाथनं खुशीत ओंडका पुढं लोटला.

याकोबचा अंगठा अजून ओंडक्यावरच, फिरत्या पात्यासमोर होता.