एका दिवसाचा ताप

“आजी, उद्या मला ताप येणार आहे.”

आजीचा इस्त्रीचा हात जागीच थांबला. नात टेबलाखाली बसून कपड्यांच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून, सावकाश. वर्गातल्या पोरांनी तिचं नावच मुंगी पाडलं होतं.

“ताप काय निरोप धाडून येतो होय गं? कुणी सांगितलं तुला?”

“बाईंनी. उद्या मोठे साहेब वाचन तपासायला येणारेत. गोष्टीतल्या मुलांनीच यायचंय. मी अजून शब्दात आहे ना.”

शाळेत वाचनाच्या चार पायऱ्या केल्या होत्या. अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट. जो जिथवर वाचेल तिथे त्याला बसवायचं, आणि दर सोमवारी पुन्हा तपासायचं.

“आणि त्या गोष्टीत आहे तरी काय?”

“माहीत नाही. ते पुस्तक आम्हाला हातात देत नाहीत. शब्द पक्के झाल्यावर मिळतं.”

आजीने तिच्या कपाळाला हात लावला. इस्त्रीचा ताव नुसत्या ओल्या बोटाने ओळखणारा हात तो. कपाळ थंडगार होतं.

सून भांडी विसळत होती. ती म्हणाली, “मला फोन आला होता बाईंचा. राहू दे घरी, आई. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उगाच त्यांच्या डोळ्यांत कशाला खुपायचं?”

“एका दिवसाचा,” आजी म्हणाली. तिने इस्त्री अशी आपटली की टेबल हललं.

समोरचा शर्ट मुख्याध्यापकांचा होता. आज शाळेतून कपड्यांचा ढीगच आला होता. सगळ्यांना कडक इस्त्री, आणि सगळ्यांना घाई. आता तिला त्यातली गोम कळली. कपडे कडक करायचे, भिंती धुवायच्या आणि अडखळणारी पोरं घरात कोंडायची. केर खाटेखाली लोटायचा आणि पाहुण्याला म्हणायचं, या, बसा.

सकाळी तिने मुंगीचा गणवेश मुख्याध्यापकांच्या शर्टाहून कडक केला आणि तिला हाताला धरून निघाली. कोपऱ्यावर सुताराचा मुलगा फळ्यांच्या ढिगावर पाय हलवत बसला होता.

“तुलाही ताप का रे?”

“हो, आजी.”

“चल.”

पुढच्या दारात दूधवाल्याच्या जुळ्या मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. तापात. त्यांनाही तिने दोरीसकट घेतलं. फाटकाशी पोचेस्तोवर तिच्यामागे आजारी पोरांची रांग लागली होती आणि एकही साधं शिंकत नव्हतं.

फाटकावर नवा कापडी फलक फडफडत होता.

“काय म्हणतोय तो? वाच.”

मुंगीने हवेतच बोट फिरवलं. “शं... शंभर... ट... टक्के... वाच... वाचणारी... शाळा.”

आजी शेवटच्या शब्दापर्यंत थांबली. “बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली आणि आत शिरली.

व्हरांड्यात बाकं एकावर एक रचून ठेवली होती. वर्गात जागा रिकामी दिसायला नको. पोरं आजारी पडायच्या आधीच त्यांची बाकं उचलली होती.

बाई धावत आल्या. तरुण पोर, डोळ्यांखाली काळं. “आजी, काय केलंत हे? साहेब पोचतीलच आता. वर्गाचा निकाल खाली आला तर जाब मला विचारतील. या मुलांना मी नंतर शिकवणारच आहे, वेगळं बसवून.”

“नंतर म्हणजे कधी? सगळे सोमवार तपासण्यात गेले. अहो, चुरगळलेल्या कापडालाच इस्त्री लागते. तुम्ही ज्याची घडी मोडलेली नाही तेवढंच टेबलावर घेता आणि चुरगळलेलं घरी पाठवता. मग तुम्ही करता काय दिवसभर?”

बाईंच्या मागून मुख्याध्यापक आले.

“हे बघा, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा. शाळा आम्हाला चालवू द्या.”

“कॉलर बरीक ताठ दिसतेय, सर. माझ्याच हातची आहे.”

बाहेर गाडीचं दार वाजलं. मुख्याध्यापकांच्या त्या कडक शर्टावर घामाचा डाग उमटला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “आजी, समजून घ्या हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या येऊ दे ना तिला. मी स्वतः लक्ष घालतो.”

आजीने पदर खोचला. वरचं बाक धरून खाली ओढलं. ते एवढ्या जोरात आदळलं की वर्गातली गोष्टीतली पोरं माना वळवून बघू लागली. करकर करत तिने ते थेट पहिल्या रांगेत नेलं, मुंगीला त्यावर बसवलं आणि बाईंच्या टेबलावरचं गोष्टीचं पुस्तक उचलून तिच्यापुढे उघडलं. पुस्तक उलटं होतं. मुंगीने ते हळूच सुलटं केलं आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

“अहो, कुणी ऐकतंय का माझं?” मुख्याध्यापक दारातून म्हणाले. “एकच दिवस.”

आजी वळली.

“मलाही दुसरीत असताना तपासणी आली म्हणून एकच दिवस घरी बसवलं होतं, सर,” ती म्हणाली. “आता परत ये म्हणून सांगायला अजून कुणी आलेलं नाही.”